पत्र्याखालचे चार दिवस

क्वार्टर बांधणाऱ्या इंजिनिअरनं सगळ्याचा विचार केला होता. स्वयंपाकघरातला धूर जायला धुराडं होतं, नहाणीला उतार होता, मागच्या दारी पाच फूट उंच भिंतीचं छोटं अंगण होतं आणि अंगणाच्या कोपऱ्यात लाकूडफाटा ठेवायला पत्रा टाकलेला होता. बाजूला बसलेल्या बाईनं कुठं बसायचं, एवढं मात्र त्यानं कुठंच दाखवलं नव्हतं. ते अंबूबाईंनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. सामान अजून बैलगाडीतून उतरत होतं. त्या कमरेवर हात ठेवून अंगणात उभ्या राहिल्या, पत्र्याकडं बोट केलं आणि सुनेला म्हणाल्या, "ही तुझी जागा."

शालननं मान हलवली. घरातली दुसरी कुठलीच जागा कुणी तिची म्हणून दाखवली नव्हती, हे तिच्या ध्यानात यायला पुढं बरेच महिने लागले.

शालन मूळची चाकणची. वडलांची कांद्याची आडत होती. चौथीपर्यंत शाळा झाली आणि पंधराव्या वर्षी देहूच्या अलीकडच्या एका शेतकरी घरात तिला दिली. तिचे मालक उद्धवराव चार भावांत धाकटे. जमिनीची वाटणी झाली तेव्हा त्यांच्या वाट्याला विहिरीपासून लांबचा तुकडा आला. सातवी पास होते, अक्षर चांगलं होतं. पिंपरीला सरकारी औषधांचा कारखाना निघाला तसे ते तिथं स्टोअरमध्ये कारकून म्हणून लागले आणि छप्पन साली क्वार्टर मिळाली. दोन्ही मुली लग्न होऊन आपापल्या घरी गेलेल्या. क्वार्टरमध्ये राहायला आली ती तीन माणसं: उद्धवराव, त्यांची आई अंबूबाई आणि शालन.

"तीन माणसांचं काम ते केवढं!" असं कॉलनीतल्या बायका म्हणायच्या. पण अंबूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि माळेपाठोपाठ सोवळं होतं. न्हाल्याशिवाय चुलीला हात नाही, बाहेरून आलेलं पातळ बदलल्याशिवाय पाण्याला हात नाही. नळ पहाटे पाचला यायचा आणि सातला जायचा. तेवढ्यात दहा माणसांचं वाटावं इतकं पाणी भरायचं. मालकांची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची, म्हणजे जेवणाची वेळही बदलायची. शिवाय वीज आणि नळ बघायला गावाकडून पाहुणे यायचे. ते बटण दाबून दिवा लावायचे, परत विझवायचे, परत लावायचे आणि जेवून जायचे. उद्धवराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिच्यावर कधी हात उगारला नाही. पण बोलायचे ते डब्याकडं बघून बोलायचे, चहा मागायचा तो कपाकडं बघून मागायचे. तीस वर्षांच्या संसारात शालन कधी नुसती बसलेली कुणी पाहिली नव्हती.

अपवाद फक्त महिन्यातल्या चार दिवसांचा.

कावळा शिवला, की शालन गोणपाट आणि घोंगडी घेऊन पत्र्याखाली जायची. अंबूबाई वरून भाकरी टाकायच्या, जर्मनच्या तांब्यात वरूनच पाणी ओतायच्या. "गोधडी शिव," एवढंच काम सांगायच्या. दुसरं काही सांगता येत नव्हतं, कारण शालनचा हात लागेल ते सगळंच बाटलं असतं. पहिले काही महिने तिनं खरंच गोधडी शिवली. मग एका दुपारी समोरच्या विटेवर एक कोळी दिसला आणि सुई तशीच राहिली.

तांदळाच्या दाण्याएवढा असेल. भिंतीच्या रंगाचा, धुळकट. जाळं नाही, काही नाही. तो चालत चालत आला, थांबला आणि मान वर करून शालनकडं बघू लागला. पुढचे दोन डोळे चांगले मोठे, मण्यांसारखे. तिनं डोकं डावीकडं केलं, तर तोही डावीकडं वळला. तिनं बोट हलवलं, तर बोटाकडं बघितलं. मग एकाएकी उडी मारून त्यानं वीतभर लांबची माशी धरली.

"अगं बाई," शालन म्हणाली. चार दिवसांत तिच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द.

पुढच्या महिन्यात काळा दिसला. आकारानं तेवढाच, पण अंग काळंभोर, पाठीवर दोन पांढऱ्या रेघा आणि कपाळावर पांढरी पट्टी. लग्नाला नटलेला नवरदेवच. पुढचे दोन पाय वर करून तो धुळकट कोळ्यापुढं डावी-उजवीकडं झुलत होता. धुळकट जागचा हलत नव्हता, नुसता बघत होता.

भिंतीपलीकडच्या क्वार्टरमध्ये सुमनताई राहायची, पंचविशीची, कोल्हापूरकडची. तिचे मालक यशवंतराव बीएस्सी होते आणि कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. सुट्टीच्या दिवशी ते काड्यापेट्या आणि बाटल्या घेऊन रेल्वेच्या रुळापलीकडं बाभळींत फिरायचे. पुण्यातल्या कॉलेजात त्यांचे जुने प्राध्यापक होते, त्यांच्यासाठी कोळी गोळा करायचे. सुमनताईला त्याची लाज वाटायची. "लोकांचे नवरे भाजी आणतात," ती म्हणायची.

शालनच्या तोंडून कोळ्याचं ऐकल्यावर तिला हसू आवरेना. "म्हणजे आमच्या घरातलं खूळ भिंत ओलांडून तिकडं आलं म्हणायचं!" पण दुसऱ्या दिवशी तिनं यशवंतरावांचं भिंग आणलं आणि भिंतीवर ठेवलं.

"माझा हात लागंल त्याला," शालन म्हणाली.

"काचेला कसला आलाय विटाळ? घ्या. सासूबाई झोपल्यात तोवर बघा."

भिंगातून बघितल्यावर शालनला आठ डोळे दिसले. चार पुढं, बाकीचे डोक्याच्या कडेला. मागून कोण येतंय तेही दिसत असणार, तिच्या मनात आलं. तिच्या कामाचे होते तसले डोळे.

तेव्हापासून महिन्याचे चार दिवस शालन बघायची, बघितलेलं भिंतीवरून सुमनताईला सांगायची आणि सुमनताई ते घरात सांगायची. यशवंतराव वहीत तारीख घालून उतरवून घ्यायचे. कधी कधी ते स्वतःच भिंतीशी येऊन उभे राहायचे.

"वहिनी, तुमच्या अंगणात दोन जाती आहेत," ते एकदा म्हणाले. "एक काळी, एक धुळकट. माझ्याकडं दोन्ही वेगवेगळ्या बाटल्यांत आहेत. उन्हाळ्यात कॉलेज बंद व्हायच्या आत सरांकडं पोचवायच्यात."

"दोन न्हाईत, भावजी. एकाच घरातली हायेत ती."

"कशावरून?"

"बघून."

यशवंतराव हसले, पण वाईट हसले नाहीत. "तुम्हीच परवा सांगितलंत, धुळकटानं काळ्याला धरून खाल्लं. नवरा-बायको असते तर खाल्लं असतं का?"

"तुमच्या लग्नाला किती वर्सं झाली?"

"तीन."

"मग कळंल," शालन म्हणाली आणि भिंतीपलीकडं सुमनताई तोंडात पदर कोंबून हसू लागली.

"ते काही नाही," यशवंतराव म्हणाले. "शास्त्राला पुरावा लागतो. तुमच्या धुळकटाचा काळा झालेला दाखवा, एका बाटलीत घालीन. नाही तर दोन चिठ्ठ्या लिहून ठेवल्यात, त्याच जातील."

शालनला त्याचा राग आला नाही. पण त्या दोन चिठ्ठ्या तिच्या मनातून जाईनात. तीस वर्षांत तिला एकच गोष्ट अशी ठाऊक झाली होती, जी घरात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती. आणि ती चुकीची लिहिली जाणार होती.

पौषात कावळा शिवायचा दिवस आला आणि गेला.

शालन दोन दिवस थांबली. तिचं वय पंचेचाळीस-सेहेचाळीस. तिच्या आईचंही याच वयात थांबलं होतं. अंबूबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी आधी पोटाकडं संशयानं बघितलं असतं, आणि मग पत्र्याखालचं गोणपाट उचलून फाटा झाकायला वापरलं असतं. पुढं चार दिवस नाहीत. पुढच्या महिन्यात नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. पाणी, चूल, डबा, पाहुणे, आणि परत पाणी, थेट मरेपर्यंत.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती पाणी भरता भरता थांबली, हंडा खाली ठेवला आणि म्हणाली, "आत्याबाई, कावळा शिवला."

पौषात एकदा, माघात एकदा, फाल्गुनात एकदा. ती दिवस मोजून बसायची. धुतलेली कोरडी फडकी परत भिजवायची आणि दोरीवर लुगड्याच्या आड वाळत घालायची, म्हणजे अंबूबाईंना दिसावीत आणि न दिसल्यासारखी दिसावीत. खोटं बोलणं एवढं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. अवघड होतं ते दुसरंच. तिच्या चार दिवसांत चूल अंबूबाईंकडं असायची, आणि अंबूबाईंचे गुडघे धरलेले होते. पत्र्याखाली बसून शालनला आतलं सगळं ऐकू यायचं. आधी पाटावर बसतानाचं "विठ्ठला", मग भाकरीचा थापटा, मग उठतानाचं लांबलचक "आई गं". काळा कोळी झुलत असायचा, आणि आतून "आई गं" यायचं. शालन भिंग डोळ्यापासून काढायची, थोडा वेळ तशीच बसायची आणि परत डोळ्याला लावायची.

चैत्रात, बसायच्या दुसऱ्याच दिवशी, धुळकट कोळ्यांतल्या एकानं फाट्यामागच्या विटांच्या फटीत घर बांधायला घेतलं. पांढऱ्या धाग्याची इवलीशी पिशवी. आत शिरला आणि आतून तोंड बंद करून घेतलं. समोरून माशी गेली, बघितलं नाही. मुंगी चढली, हलला नाही.

"ती बाजूला बसलीया," शालननं सुमनताईला सांगितलं.

"कोण?"

"धुळकट. खाईना, पिईना, कुणाला शिवंना. गोणपाट टाकून बसलीया आपली."

"कोळ्यालाबी कावळा शिवतो का हो?" सुमनताई हसून हसून भिंतीला टेकली. पण शालन हसली नाही. तिला मनापासून खात्री होती. बाईमाणूस असल्याशिवाय असं कोण कोपऱ्यात जाऊन बसेल? तिला त्या पिशवीतल्या जिवाची माया वाटू लागली. चौथ्या दिवशी न्हाऊन बाहेर येईल, असा तिचा हिशेब होता.

पण पिशवीला बसून तीनच दिवस झाले आणि शालनचे चार भरले. न्हायची वेळ आली. आत गेलं तर दिवसभर अंगणात यायचं ते फाट्याचं लाकूड उचलायला, आणि फाटा उचलायचा तर पिशवी मोडायची. भांड्यांच्या आणि डब्याच्या मध्ये बघणार किती? पिशवीतून काय निघालं, आणि मधल्यामध्ये दुसरंच कुणी येऊन बसलं का, कोण सांगणार?

"अजून थांबलं न्हाई, आत्याबाई," ती दारातून म्हणाली.

अंबूबाई पाण्याची कळशी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी कळशी खाली ठेवली. "पाचवा दीस उजाडंल की उद्या."

"व्हय."

"जायच्या वयात असं हुतं," त्या म्हणाल्या. "माझंबी झालं हुतं. मला कुणी ईचारलं न्हाई तवा. बस तू, बस. मी करते."

त्या रागावून काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं शालनला वाटलं.

पाचवा दिवस संकष्टीचा होता. सुमनताई सकाळीच चिंचवडला गणपतीला गेली होती. यशवंतराव आणि उद्धवराव दोघंही पहिल्या शिफ्टला. अंगणात ऊन तापायला लागलं होतं. साडेदहाच्या सुमारास पिशवी हलली. शालननं भिंग उचललं. पिशवीचं तोंड आतून कुणी ढकलत होतं. एक पाय बाहेर आला. बारीक, ओलसर. धुळकट की काळा, काही कळेना, फटीत अंधार होता.

तेवढ्यात आत धप्पकन आवाज झाला, आणि पाठोपाठ पातेलं घरंगळलं.

"आई गं! मेले गं!"

शालन उठली. उठता उठता तिनं एकदा पिशवीकडं बघितलं. ही गोष्ट तिनं पुढं कुणालाच सांगितली नाही.

अंबूबाई चुलीपुढं आडव्या पडल्या होत्या. सांडलेल्या पाण्यात पाय सटकला होता आणि घोटा अंगाखाली दुमडला होता. तव्यावरची भाकरी करपत होती. लुगड्याचा पदर चुलीच्या तोंडाशी, जळत्या लाकडापासून चार बोटांवर.

शालन उंबरा ओलांडणार तोच त्यांनी हात वर केला.

"थांब! शिवू नगं!"

"आत्याबाई, पदर..."

"शिवू नगं म्हंते ना! माळ हाय गळ्यात. सुमनला हाक मार."

"सुमनताई चिंचवडला गेली."

"मग दुसरं कुणी बघ. तू आत येऊ नगंस. माझं इतक्या वर्साचं..." पदर ओढून घ्यायला त्यांनी हात लांब केला, पण पोचला नाही.

शालन उंबऱ्यावर उभी होती. एक पाय आत, एक बाहेर.

"मी बाजूला न्हाई, आत्याबाई," ती म्हणाली. "मला काय झालेलं न्हाई. पौषापासनं झालेलं न्हाई."

आणि ती आत गेली. तिनं पदर ओढला, जळतं लाकूड मागं सारलं, तवा उतरवला. मग अंबूबाईंच्या काखेत हात घालून त्यांना उचललं आणि भिंतीला टेकवून बसवलं. घोटा तोवर लिंबाएवढा सुजला होता. तिनं हळद गरम करायला ठेवली. अंबूबाई तिच्याकडं बघत होत्या. घोट्याकडं नाही, तिच्याकडं.

"पौषापासनं?"

"व्हय."

"माघात बसलीस. फाल्गुनात बसलीस."

"व्हय."

"मी या गुडघ्यांनी भाकऱ्या थापल्या. आन् तू भायेर बसून काय करीत हुतीस?"

शालननं हळदीत पळी फिरवली.

"कोळी बघत हुते."

अंबूबाईंनी कशाकशाची तयारी केली असेल. कुणी पुरुष, कुणी देवऋषी, माहेरचं काही कारस्थान. पण कोळी त्यांच्या कुठल्याच हिशेबात बसेना. त्यांचं तोंड उघडं राहिलं. "कोळी?" त्या म्हणाल्या.

"व्हय."

"कोळी," त्या परत म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले. "लाव ती हळद. गार हुईल."

लेप लावून, त्यांना खाटेवर निजवून, सांडलेलं पुसून, मालकांसाठी नवी भाकरी टाकून शालन अंगणात जाईस्तोवर दुपार टळली होती. पिशवीचं तोंड उघडं होतं. शेजारच्या विटेवर काळा कोळी बसला होता. अंग लखलखीत, पाठीवर दोन पांढऱ्या रेघा, कपाळावर पट्टी, नुकताच न्हाऊन नवं धोतर नेसल्यासारखा. त्यानं मान वर करून शालनकडं बघितलं. मग एक उडी फाट्यावर, एक भिंतीवर, एक भिंतीच्या माथ्यावर, आणि पलीकडं.

शालन गुडघ्यावर बसली आणि सुईच्या टोकानं पिशवी उकलली. आत एक धुळकट कोळी होता. पण तो हलत नव्हता. तिनं भिंगातून बघितलं. पाठ फाटलेली, आत काहीच नाही. आठ पायांचा, डोळ्यांच्या जागेसह, उतरवून ठेवलेला अंगरखा.

बाजूला बसलेली बाई नव्हतीच ती. तो अंगावरचे जुने कपडे उतरवायला कोपऱ्यात गेला होता. आणि उतरवून गेला.

संध्याकाळी यशवंतराव भिंतीशी आले. शालननं ते कातडं घातलेली काड्यापेटी भिंतीवर ठेवली. सगळं सांगितलं, मधे तीन-चार तास आपण आत होतो हेही सांगितलं.

"म्हणजे निघताना डोळ्यांनी नाही पाहिलंत," यशवंतराव म्हणाले. "मधल्या वेळात काळा दुसरीकडून आला असेल."

"आला आसंल. पण हे कातडं कुणाचं ते तरी बघा."

त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. भिंग वर केलं, पुसलं आणि परत बघितलं. "तोंडापुढं दोन छोटे हात असतात," ते हळूहळू म्हणाले, "त्यांची टोकं फुगीर आहेत. फुगीर टोकं नराचीच. कातडं धुळकट, पण नराचं. माझ्या काळ्या बाटलीत पाच आहेत, पाचही नर. धुळकट बाटलीत सात, सातही माद्या. मी म्हणायचो, उरलेल्या सापडायच्यात अजून." त्यांनी कपाळाला हात लावला. "लहानपणी सगळेच धुळकट. मोठं होताना नर तेवढा काळा होतो. एकच जात आहे, वहिनी."

"मी म्हनलं हुतं."

"म्हणाला होतात. आता सरांना तुमचं नाव कळवतो. निरीक्षण कुणी केलं, कुठल्या तारखांना, हे लागतंच." त्यांनी वही उघडली आणि मागची पानं चाळू लागले. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष. चार तारखा, मग कोरं. चार तारखा, मग कोरं. दर वेळी तेवढंच कोरं. वाचता वाचता त्यांचं बोट मंदावलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी वही मिटली.

"तारखा... तारखा नाही लिहिल्या तरी चालतील," ते म्हणाले. "नुसतं 'पिंपरी' लिहितो."

आणि तारखांबरोबर नावही गेलं, कारण तारखांशिवाय नावाला अर्थ नव्हता, असं त्यांनी सुमनताईला सांगितलं. सुमनताईनं दोन दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं. शालनला काही वाटलं नाही. दोन बाटल्यांची एक बाटली झाली, ते तिनं भिंतीवरून डोळ्यांनी बघितलं. चिठ्ठीही एकच.

अंबूबाईंनी उद्धवरावांना खोट्याबद्दल अवाक्षर सांगितलं नाही. फक्त म्हणाल्या, "तुझी बायको सुटली बाबा आता." घोटा बघायला येणाऱ्या प्रत्येकीला त्या तेच सांगायच्या. "सुटली आमची शालन." आणि बायका शालनकडं बघून म्हणायच्या, "बरं झालं बाई, सुटलीस." शालन त्यांच्यासाठी चहा टाकायची. उद्धवराव कपाकडं बघून म्हणाले, "आता दर म्हयन्याचा जेवणाचा घोळ मिटला."

गोणपाट धुवून वाळत टाकलं. वाळल्यावर तिनं ते फाट्यावर घातलं.

घोटा महिनाभर बरा झाला नाही. खोलीत उकडायचं म्हणून अंबूबाईंनी दिवसा खाट अंगणात टाकायला लावली. सावली फक्त पत्र्याखाली होती, तेव्हा खाट तिथंच पडली. पहिले काही दिवस त्या हरिपाठ म्हणायच्या, मग झोपायच्या, मग येणाऱ्या-जाणाऱ्याची वाट बघायच्या. शालन आत चुलीशी असायची. पूर्वी आतलं बाहेर ऐकू यायचं, आता बाहेरचं आत.

एका सकाळी शालन भाकऱ्या थापत होती.

"शालन," बाहेरून हाक आली. "तुझा त्यो काळा आला गं."

शालनचा हात पिठात थांबला. "काय करतोय?"

"हात वर करून नाचतोय मेला. समोर ती मातकट बसलीया. ढिम्म हाय." जरा वेळ गेला. "माझ्याकडं बघितलं की गं त्यानं! मान वळवून बघितलं!"

"बघतोच तो."

तव्यावरची भाकरी फुगायला लागली होती. उठून दारापर्यंत जायला दहा पावलं. जाऊन येईस्तोवर भाकरी करपली असती. शालननं ती उलटली.

"आन् हिकडं फटीत एक घर बांधून बसलीया," अंबूबाई म्हणाल्या. "तोंड बंद करून. बिचारी बाजूला बसली वाटतं."

"बाजूला न्हाई बसत ती, आत्याबाई," शालन आतून म्हणाली. "अंगावरचं बदलत्यात. काळा निघतो आतनं कधी कधी."

"काळा? आन् मग?"

"मग जातो. उडी मारून."

शालननं पुढचा गोळा हातात घेतला.

"जरा जोरात बोलत जा," ती म्हणाली. "निघंल तवा सांगा मला. कसा निघतो ते मला बघायला मिळालं न्हाई."

"सांगते की," अंबूबाई म्हणाल्या. "मी कुठं जातीया?"